जेवणाच्या टेबलाचें रोगण

पाटावर बसून जेवण्याची चाल ज्या घरांतून मागें पडली, तेथें पाटाची जागा टेबलानें घेतली खरी. पण पाटाला जें कधीं सोसावें लागलें नव्हतें तें सारें टेबलाच्या वाट्यास आलें. पाटावर आपण बसत होतों, टेबलावर आपण जेवतों. त्यावर वरणाचें पातेलें येतें, ताकाचा पेला कलंडतो, लोणच्याच्या बरणीचें तेल ओघळतें, आणि दिवसांतून दोनतीन वेळां ओल्या फडक्यानें खरकटें पुसलें जातें. दुपारीं त्याच टेबलावर मुलें गृहपाठ करतात आणि सायंकाळीं कोणी भाजी निवडीत बसतें. असें टेबल नवें करवून घेतल्यावर, किंवा आजोबांच्या वेळचें जुनें टेबल घासून त्यास पुन्हा अक्रोडी वा शिसवी रंग दिल्यावर, प्रश्न उभा राहतो कीं या रंगावर पारदर्शक रोगण कोणतें चढवावें. पॉलिश करणारा कारागीर बहुधा एकच गोष्ट विचारतो, “चकाकी हवी कीं नको?” माझ्या मतें हा प्रश्न शेवटचा आहे. पहिला प्रश्न असा कीं, या टेबलास कोणकोणते शत्रु भेटणार आहेत?

लाकडास रंग देण्याच्या द्रव्यास बाजारांत ‘स्टेन’ म्हणतात. हा स्टेन लाकडावर थर म्हणून बसत नाहीं. तो वरच्या तंतूंत मुरतो, आणि तोही इतका उथळ कीं कांचकागदाचे चार जोरकस हात फिरले तर खालचें फिकें लाकूड डोकावूं लागतें. साध्या सागवानावर ओरखडा उठला तर तो चटकन नजरेस येत नाहीं. गडद रंग दिलेल्या लाकडावर तोच ओरखडा खडूनें मारलेल्या रेघेसारखा दिसतो. तेवढाच भाग घासून तेथें रंग जुळविणें कसबी माणसासही अवघड जातें. म्हणून रंगविलेल्या टेबलावरचें रोगण साध्या लाकडावरच्या रोगणापेक्षां अधिक चिवट असावयास हवें. ही गोष्ट दुकानदार सांगत नाहीं, आणि पहिलें वर्ष सरेपर्यंत आपल्याही ध्यानांत येत नाहीं.

आपल्या देशांतील सर्वांत परिचित रोगण लाखेचें. पळस, बोर, कुसुम या झाडांवर राहणारा एक सूक्ष्म कीटक जो राळेसारखा रस स्रवतो, ती लाख. झारखंड व छत्तीसगड येथें तिचें मोठें उत्पादन होतें, आणि रांचीजवळ नामकुम येथें तिच्यावरील संशोधनाचें काम १९२०च्या दशकापासून चालत आलेलें आहे. लाख शुद्ध करून तिचे पातळ पापुद्रे केले कीं चपडा होतो. चपडा स्पिरिटमध्यें विरघळवून कापडाच्या बोळ्यानें थरावर थर घासला कीं तें ‘फ्रेंच पॉलिश’. नांव परदेशी, माल आपला. संस्कृतांत लाखेस जतु असेंही म्हणतात, आणि दुर्योधनानें वारणावतास पांडवांसाठीं उभारविलेल्या जतुगृहाची कथा घरोघरीं ठाऊक आहे. लाखेचें व उष्णतेचें वैर त्या कथेच्या कर्त्यास चांगलें माहीत होतें. आपणच टेबलाच्या बाबतींत तें विसरतों. सुमारें ७५ अंश सेल्सियसला लाख मऊ पडूं लागते, आणि नुकताच गाळलेला चहा याहून अधिक तापलेला असतो. ओला पेला बराच वेळ राहिला तर खालीं पांढरें वर्तुळ उमटतें. सोड्याचें पाणी लाखेस खातें, आणि स्पिरिट तर तिचें द्रावकच. २०२० सालीं महासाथीच्या दिवसांत हातांस लावण्याच्या जंतुनाशकाच्या बाटल्या टेबलांवर येऊन बसल्या. त्यांतील मद्यार्काचे थेंब पडून फ्रेंच पॉलिशवर जे चट्टे उमटले ते मीं एकाहून अधिक घरीं पाहिले आहेत. असें असूनही लाखेची बरोबरी शोभेच्या बाबतींत दुसऱ्या कोणत्याही रोगणास करतां येणार नाहीं, आणि तिची दुरुस्तीही सर्वांत सोपी. पुस्तकांच्या कपाटास, आरशाच्या चौकटीस, बैठकीच्या खोलींतील नक्षीदार चौरंगास ती अवश्य द्यावी. जेवणाच्या टेबलास देऊं नये.

दुसरा जुना उपाय जवसाच्या तेलाचा. रंगाच्या दुकानांत ‘बेलतेल’ म्हणून जें मिळतें तें हेंच तेल उकळून व त्यांत लवकर सुकविणारे धातूंचे क्षार मिसळून केलेलें असतें. हें तेल पाण्याप्रमाणें उडून सुकत नाहीं. हवेंतील प्राणवायु शोषून घट्ट बनतें. त्यानें लाकडाचा रंग खुलतो, हात फिरविला तर लाकूडच हातास लागतें, आणि वर्षाकाठीं एक हात पुन्हा दिला कीं टेबल ताजें होतें. परंतु त्याचा लेप पातळ असल्यानें हळद व तेल आंत शिरतें. मेणाची गोष्ट याहून दुबळी. मधमाशीचें मेण ६२ ते ६४ अंशांवरच वितळतें. दर दिवाळीस टेबल तेल लावून पुसण्याची ज्या घरांत हौस व शिस्त आहे, त्यांनीं तेलाचा मार्ग खुशाल धरावा. अशीं घरें थोडीं.

राहिलीं नव्या रसायनविद्येचीं रोगणें. १९३७ सालीं जर्मनींत ऑटो बायर व त्याचे सहकारी यांनीं पॉलियुरेथेनचा शोध लावला. आज कारागिरांच्या तोंडीं तें ‘पी.यू.’ या नांवानें रुळलें आहे. त्याचा एक प्रकार एकाच डब्यांत येतो. दुसऱ्यांत दोन डबे असतात व ते कामाच्या वेळीं मिसळावे लागतात. दोन डब्यांचा लेप सर्वांत कठीण. उष्णता, पाणी, स्पिरिट, कशालाही सहसा दाद देत नाहीं. मग तोच कां घेऊं नये? कारण त्याच्या दुसऱ्या डब्यांत आयसोसायनेट नांवाचीं द्रव्यें असतात. त्यांची फवारणी श्वासावाटें आंत गेली तर दम्यासारखा विकार जडतो, आणि एकदां जडला म्हणजे पुढें त्यांचा लेशही सोसत नाहीं. मेलामाइन म्हणून जें स्वस्त रोगण सर्रास मारलें जातें, त्यांतूनही सुकतांना फॉर्मल्डिहाइडचा डोळे झोंबविणारा वायु निघतो. ज्या घरांत आजीपासून रांगत्या बाळापर्यंत चार पिढ्या नांदतात, तेथें ओसरीवर हीं कामें करविणें मला मुळींच मान्य नाहीं. कारागिराच्या तोंडास बांधलेल्या रुमालानें या वाफा अडत नाहींत. तोही कोणाच्या तरी घरचा कर्ता पुरुष असतो. हा लेप हवाच असेल तर फवारणीची स्वतंत्र खोली व योग्य मुखवटे असलेल्या कारखान्यांत टेबल पाठवावें.

घरीं करण्याजोगें व टिकाऊ असें जें मला वाटतें, तें एका डब्याचें तेलमिश्रित पॉलियुरेथेन रोगण. दोन डब्यांच्या लेपाइतकें तें कठीण नाहीं. तथापि पाणी, हळद, ताक, चहाचा पेला यांस तें पुरून उरतें. चुलीवरून उतरलेली कढई मात्र थेट ठेवूं नये. तेवढ्यासाठीं आसन घालावें. हें रोगण किंचित् पिवळसर असतें व काळानें अधिक होतें. अक्रोडी किंवा शिसवी रंगावर ती झांक शोभते. फिकट रंगावर नको असेल तर पाण्यांत मिसळणारें पॉलियुरेथेन घ्यावें. तें डब्यांत दुधासारखें दिसतें, सुकल्यावर स्वच्छ होतें, आणि त्यास वासही कमी येतो. होड्यांसाठीं असलेलें रोगण ‘अधिक मजबूत’ म्हणून कोणी पुढें केलें तर घेऊं नये. उन्हापावसांत लाकडाबरोबर ताणलें जावें म्हणून तें मुद्दाम मऊ ठेवलेलें असतें.

आतां रंग व रोगण यांचें जमतें कीं नाहीं हें पाहावें. येथेंच बहुतेक टेबलें बिघडतात. ज्या द्रावकांत रंग विरघळतो, त्याच द्रावकाचें रोगण कुंचल्यानें वर फिरविलें तर रंग उठून येतो व पट्टे पडतात. स्पिरिटच्या रंगावर लाख नको. पाण्याच्या रंगावर पाण्याचें रोगण नको. तेलाचा रंग तर पुरता सुकल्यावांचून त्यावर कांहींच नको. टेबलाच्या खालच्या अंगास तळहाताएवढ्या जागीं आधीं तोच रंग व तेंच रोगण लावून पाहावें. शंका राहिलीच तर मध्यें मेण काढलेल्या चपड्याचा एक पातळ हात द्यावा. तो दोहोंशीं जमतो. साध्या चपड्यांत मेण असतें व त्यावर पॉलियुरेथेन धरत नाहीं, म्हणून मेण काढलेलाच मागून घ्यावा. सागवानाच्या अंगचें तेलही रोगणास सुकूं देत नाहीं. यास्तव रंग देण्यापूर्वीं लाकूड एकदां थिनरनें पुसून घ्यावें.

काम दिवाळीनंतर कोरड्या हवेंत काढावें, श्रावणांत नव्हे. घासणें तें सारें रंगापूर्वीं. १२० नंबरच्या कांचकागदानें आरंभ करून १८० वर थांबावें, कारण लाकूड फार गुळगुळीत झालें तर रंग पीत नाहीं. रोगणाचा पहिला हात थोडें टर्पेंटाइन घालून पातळ करावा, पुढचे दोन जसेच्या तसे. डबा हलवूं नये, काठीनें सावकाश ढवळावा. हलविला कीं बुडबुडे लाकडावर उतरतात. दोन हातांमध्यें एक अहोरात्र जाऊं द्यावें आणि ३२० नंबरचा कांचकागद अगदीं हलका फिरवावा, कडांवर तर नुसता स्पर्श. तेथें लेप सर्वांत पातळ असतो, आणि रंग निघाला तर तेथूनच निघतो. चकाकीविषयीं म्हणाल तर मी मंद चकाकीचें रोगण घेईन; आरशासारख्या टेबलावर प्रत्येक बोट दिसतें.

तेल किंवा तेलमिश्रित रोगण पुसलेले बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. तेल प्राणवायु शोषतांना उष्णता निर्माण होते. बोळ्यांच्या ढिगांत ती कोंडते आणि काडी न लावतां आपोआप पेट घेते. बोळे एकेक उलगडून बाहेर मोकळ्या हवेंत, सिमेंटच्या जमिनीवर वा दगडावर वाळत घालावे, किंवा पाण्यानें भरलेल्या पत्र्याच्या डब्यांत बुडवून ठेवावे. काम करणाऱ्यास ही सूचना आपण होऊन द्यावी, आणि तो गेल्यावर जागा स्वतः पाहून घ्यावी.

शेवटचा हात हातास चिकटेनासा झाला तरी रोगण आंतून घट्ट व्हावयास तीन-चार आठवडे लागतात. तोंवर त्यावर जेवावें, पण आसनें घालून, आणि पुसावें तें कोरड्या फडक्यानें. टेबल जपण्याच्या हौसेनें त्यावर प्लॅस्टिकचें आच्छादन वा कांच लगेच घालण्याची घाई करूं नये. कांचेखालीं ओल कोंडते, आणि प्लॅस्टिकमधील मऊपणा आणणारें द्रव्य रोगणांत उतरून दोन्ही एकमेकांस असें चिकटतें कीं ओढतांना रंगासकट निघून येतें.