गोळी चुकली, पण कुठली?

माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटात 28 गोळ्या असतात, पण संप्रेरकं असतात ती फक्त 21 पांढऱ्या गोळ्यांत. उरलेल्या सात गडद रंगाच्या गोळ्या लोहाच्या. रोजची सवय मोडू नये आणि रक्त वाढावं म्हणून त्या दिलेल्या असतात. त्यांतली एखादी राहिली तरी गर्भ राहण्याचा धोका वाढत नाही. म्हणून गोळी चुकली असं कुणी सांगितलं, की आधी विचारायचं, कुठली?

पांढरी गोळी मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीला गप्प ठेवते. त्यामुळे बीजांडकोशात बीज पिकत नाही. लोहाच्या गोळ्यांच्या सात दिवसांत हा दाब सैल होतो आणि बीजपुटिका वाढू लागतात. आठव्या दिवशी नवं पाकीट सुरू झालं, तर ती वाढ तिथेच थांबते. पण गावाला जाताना पाकीट घरी राहिलं किंवा आणायलाच उशीर झाला, तर संप्रेरकांविना सुट्टी नऊ-दहा दिवसांची होते आणि बीज बाहेर पडू शकतं. सगळ्यांत धोक्याची चूक ही, आणि नेमकी तीच बायकांना चूक वाटत नाही. त्यात शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतात, त्यामुळे आधीच्या आठवड्यातले संबंधही हिशेबात धरावे लागतात.

एक पांढरी गोळी राहिली असेल, तर आठवताक्षणी घ्या आणि पुढची ठरल्या वेळी. एका दिवशी दोन झाल्या तरी चालतं. दोन किंवा जास्त सलग राहिल्या, तर एक लगेच घ्या, पुढे रोज चालू ठेवा आणि सलग सात पांढऱ्या गोळ्या पोटात जाईपर्यंत निरोध वापरा. बीजांडकोश पुन्हा शांत व्हायला तेवढे दिवस लागतात. ही चूक पांढऱ्या गोळ्यांच्या शेवटच्या आठवड्यात झाली, तर लोहाच्या गोळ्या सोडून द्या आणि पांढऱ्या संपल्या की दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट उघडा. त्या महिन्यात पाळी कदाचित येणार नाही. पहिल्या आठवड्यात झाली आणि संबंध आलेले असतील, तर 72 तासांच्या आत, जमेल तितक्या लवकर, तातडीची गोळी घ्यावी. ती आशाताईंकडेही मिळते.

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेल्या ‘छाया’ या गर्भनिरोधक गोळीचा हिशेब वेगळा. त्यात संप्रेरकं नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदाच. गोळी राहून सात दिवस झाले नसतील, तर लगेच घेऊन नेहमीचे वार पाळा आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरा. सात दिवस उलटून गेले, तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्यातून दोनदा.

गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली, तर दुसरी घ्या. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन चालू असेल, तर एकही गोळी न चुकवताही माला-एनचा असर कमी होतो. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. आणि सणासुदीला पाळी पुढे ढकलायला घेतात त्या गोळ्यांच्या भरवशावर राहू नका, त्या गर्भनिरोधक नव्हेत.

पाळी लांबली तर लघवीची तपासणी करून घ्या. तोवर गोळ्या घेतल्या गेल्या असतील, तरी त्यांनी बाळात व्यंग येत नाही.