बाहेर जाणाऱ्याला कुणी हटकलंच नाही

मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर क्लाउडवर नवं मशिन उभं केलं, की न मागताही त्याला इंटरनेटवर जायची वाट मिळायची. नव्या नेटवर्कांपुरती ही सवय मोडणार असल्याचं कंपनीनं 2023 मध्ये जाहीर केलं आणि नंतर मुदत पुढंही ढकलली. आता कुठं 'बाहेर जायचंय तर आधी वाट मागा' हा शहाणपणा कागदावर आला. वाचून आनंद व्हायला हवा होता, झाला तो संताप. सर्व्हर सांभाळणारी आम्ही मंडळी हेच दर मीटिंगला घसा कोरडा करून सांगत होतो. आता ते सगळ्यांना पटलंय, तर सांगणारेच जागेवर नाहीत. माझ्या जुन्या कंपनीनं रात्रपाळीचा शेवटचा चमू नुकताच मोडला आणि त्याजागी एक स्वयंचलित सेवा बसवली. तिनं आल्या आल्या काय केलं, तर एका क्लायंटच्या पेमेंट गेटवेचा पत्ता 'अनोळखी' ठरवून मध्यरात्री बंद केला. सकाळपर्यंत पैसे येणं थांबलं होतं. तो पत्ता कुणाचा, हे सांगणारं ऑफिसात कुणी नव्हतं.

क्लाउडला आता वीस वर्षं होत आली. ॲमेझॉनची ईसीटू ऑगस्ट 2006 मध्ये चाचणी म्हणून सुरू झाली. त्या पहिल्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फारसं काही नाही. जुन्या ईसीटूत बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकसाठी सिक्युरिटी ग्रुपमध्ये नियम लिहायची सोयच नव्हती. 2009 मध्ये खासगी नेटवर्क देणारी व्हीपीसी आली, पुढं तिच्यात ही सोयही झाली, पण नवा ग्रुप केला की त्यात बाहेरचं सगळं खुलं, तेही अगदी आजतागायत. सोसायटीचा वॉचमन आत येणाऱ्याचं नाव, गाव, फ्लॅट नंबर लिहून घेतो आणि बाहेर जाणाऱ्याच्या खांद्यावर टीव्ही असला तरी सलाम ठोकतो, तसला हा कारभार. वास्तविक 2003 च्या जानेवारीत स्लॅमर किड्यानं धडा देऊन ठेवला होता. 376 बाइटांचा तो जीव एका सर्व्हरमधून बाहेर पडून हजारोंना डसला. ज्यांनी बाहेर जाणारं 1434 पोर्ट बंद ठेवलं होतं, त्यांच्याकडून निदान दुसऱ्यांना त्रास झाला नाही. पण धडे विसरायला आपल्याला फार वेळ लागत नाही.

मला बोलायचंय ते 2012 ते 2022 या दशकाबद्दल. पुण्यातल्या लहान-मोठ्या कंपन्या तेव्हा धडाधड क्लाउडवर चढत होत्या. 2015 मध्ये ॲझ्युअरचं केंद्र पुण्यात आलं, 2016 मध्ये ॲमेझॉनचं मुंबईत. प्रत्येक प्रस्तावात 'बाहेरचं ट्रॅफिक मर्यादित ठेवणे' अशी एक ओळ आम्ही घालायचो आणि प्रत्येक वेळी ती खोडली जायची. कारणं ठरलेली होती. 'चालतंय ना? मग प्रोडक्शनला हात लावू नका.' 'क्लायंट याचे पैसे देणार नाही.' 'फायरवॉल आहे की आपल्याकडं!' फायरवॉल होती, तिचं तोंड मात्र फक्त रस्त्याकडं होतं.

2018 चे गणपतीचे दिवस. वेबसाइट चालवणाऱ्या द्रुपल या सॉफ्टवेअरमधली कुप्रसिद्ध फट मार्चअखेर जाहीर झाली होती आणि पॅचही त्याच दिवशी आला होता. एका घाऊक विक्रेत्या क्लायंटनं मात्र 'सीझन होऊ दे, मग बघू' म्हणून तो लांबणीवर टाकला. मग क्लाउड कंपनीचा मेल आला: तुमच्या सर्व्हरवरून इतरांच्या मशिनांची दारं ठोठावली जाताहेत, 24 तासांत उत्तर द्या, नाहीतर मशिन थांबवू. ऑर्डरी जोरात होत्या. मॅनेजरसाहेबांनी दोनच प्रश्न विचारले: 'रीबूट मारून बघू या का?' आणि 'साइट पडणार नाही ना?'

आमचे सिनियर म्हणाले, "रीबूट नको, सर. मेमरीतला पुरावा जाईल. आधी तो कुणाशी बोलतोय ते बघू." त्यांनी नेटस्टॅट लावला. वेब सर्व्हरच्या युजरखाली एक प्रोसेस चालू होती. नाव कर्नलच्या प्रोसेससारखं चौकटी कंसात आणि बाहेर 3333 पोर्टवर जुळलेलं एक कनेक्शन. कर्नलची प्रोसेस वेब सर्व्हरच्या युजरच्या नावावर चालत नाही. नावानं फसवलं होतं, मालकानं पकडून दिलं. आत मोनेरो खणणारा मायनर बसला होता आणि दर काही मिनिटांनी क्रॉन त्याला बाहेरून नव्यानं उतरवून घेत होता.

अशा वेळी हात शिवशिवतात. एका ओळीत सगळं आउटबाउंड बंद करता येतं, आणि तीच ओळ साइट पाडते. सिनियरांनी आधी वहीत यादी केली: डेटाबेस, पेमेंट गेटवे, ओटीपीचा एसएमएस, मेल रिले, डीएनएस, घड्याळ जुळवणारा एनटीपी, पॅकेजांचं भांडार. एवढ्यांना परवानगी देणारे नियम वर आणि सगळ्यात खाली फक्त लॉग करणारा नियम. अडवायचं अजून काहीच नाही, नुसतं बघायचं. लॉगमध्ये मायनरच्या पत्त्यांखेरीज यादीबाहेरचा आणखी एक पत्ता दिसला, तो कुरिअर कंपनीचा निघाला. तो यादीत गेला. मग 'ॲट' कमांडनं पाच मिनिटांनी सगळे नियम आपोआप मागे घेणारं काम लावून ठेवलं, म्हणजे आपणच बाहेर अडकलो तरी दार उघडेल. त्यानंतर शेवटच्या नियमात 'रिजेक्ट' घातलं, 'ड्रॉप' नाही.

या एका शब्दावर मी त्यानंतर कितीजणांशी भांडलोय. ड्रॉपमध्ये पॅकेट गुपचूप गिळलं जातं. तुमच्याच ॲप्लिकेशनचं एखादं विसरलेलं कनेक्शन अडलं, तर लिनक्स नेहमीच्या सेटिंगनं पुन्हापुन्हा हाक मारत दोन मिनिटांहून जास्त ताटकळतो. तेवढ्यात पीएचपीचे सगळे वर्कर रांगेत अडकतात आणि साइट झोपते. रिजेक्ट लगेच नकार कळवतो, ॲप्लिकेशन चूक नोंदवून पुढं सरकतं. बाहेरून हाक मारणाऱ्या घुसखोरापुढं गप्प बसणं ठीक, पण आपल्याच घरच्याला तरी स्पष्ट नाही म्हणावं!

दुसरी मेख आधीच जुळलेल्या कनेक्शनची. चालू ऑर्डरी तुटू नयेत म्हणून अशा कनेक्शनांना मुभा देणारा नियम सगळ्यात वर असतो, आणि त्याच मुभेवर मायनरची जुनी लाइनही जगते. क्लाउडच्या सिक्युरिटी ग्रुपचंही तेच. नियम काढला तरी आधीचं कनेक्शन लगेच तुटेलच असं नाही. म्हणून तेवढी एक लाइन कनेक्शनांच्या तक्त्यातून वेगळी पुसावी लागली. नेटवर्क एसीएल वापरून एका घावात सगळं कापता येतं, पण ती आधीचं काही लक्षात ठेवत नाही. ग्राहकाला जाणारं उत्तरही तिच्या दृष्टीनं 'बाहेरचं' असतं, आणि 1024 च्या वरची पोर्टं उघडी ठेवायला विसरलात तर चोराआधी गिऱ्हाईकच अडतं. पुढचं काम सरळ होतं. डिस्कचा स्नॅपशॉट, पॅच लावलेलं नवं मशिन, लोड बॅलन्सरनं हळूहळू वळवलेली वर्दळ आणि मग जुन्याला निरोप. ऑर्डर एकही अडली नाही. अभिनंदनाचा मेल अर्थातच मॅनेजरसाहेबांना आला.

पुढं साधनं भरपूर आली. फ्लो लॉग 2015 पासून होतेच, 2020 मध्ये ॲमेझॉननं नेटवर्क फायरवॉल आणली, पुढल्या वर्षी डीएनएस फायरवॉल. आमची ओळ मात्र खोडलीच जात राहिली. डिसेंबर 2021 मध्ये लॉग लिहिणाऱ्या लॉगफोरजे लायब्ररीतल्या फटीचा बॉम्ब फुटला. त्या हल्ल्याची गंमतच अशी, की लॉगमध्ये एक ओळ पाडली की तुमचा सर्व्हर आपण होऊन हल्लेखोराच्या दारात जायचा आणि त्याच्याकडून कोड उचलून आणायचा. बाहेरची वाट बंद असलेल्यांना पॅच लावायला निदान उसंत मिळाली. त्या शनिवार-रविवारी ज्यांचे फोन आले, त्यांतले निम्मे आमचा प्रस्ताव 'ओव्हर-इंजिनिअरिंग' म्हणून परत पाठवणारे होते. आवाज मात्र अगदी मऊ होते.

मग एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे निर्देश आले: घटना सहा तासांत कळवा, लॉग 180 दिवस ठेवा. लॉग आता सगळेच ठेवतात. वाचतं कोण? सिनियर रोज सकाळी चहाबरोबर आदल्या रात्रीचे नाकारलेले पत्ते वाचायचे. आठवडाभराच्या लॉगवरून परवानग्यांची यादी करणाऱ्यांना ते हसायचे. महिन्याच्या 20 तारखेला जीएसटीचं रिटर्न भरताना जागं होणारं काम त्या आठवड्यात दिसणार कसं? अकाउंट्सवाल्यांशी जाऊन बोलावं लागतं, आणि ते बोलायचे. ती माणसं गेली आणि त्यांच्या डोक्यातली यादीही गेली. ती कुठल्या डॅशबोर्डवर उतरवून घ्यावी, असं कुणाला वाटलं नाही.

काम आज अवघड झालंय, हेही खरं. एकाच सीडीएनच्या पत्त्यामागं बँकही असते आणि भामटाही. मालवेअर टेलिग्रामवरून, डिस्कॉर्डवरून हुकूम घेतं, म्हणजे वरवर पाहता सभ्य पत्त्यांवरून. त्यात सर्व्हरवर बसवलेले एआय एजंट आता मनाला येईल त्या साइटवर जाऊ पाहतात, आणि त्यांना वाट अडवली की विकणाराच तक्रार करतो. नुसत्या आयपीच्या याद्यांनी हे निभणार नाही, नावानं परवानगी देणारा प्रॉक्सी लागेल. पण नाव कुणाचं द्यायचं, हे शेवटी माणसालाच ठाऊक असावं लागतं.

तेव्हा नवी सेवा खुशाल विकत घ्या. फक्त सही करण्याआधी एवढं विचारा: आपला सर्व्हर कुणाकुणाशी बोलतो याची यादी कुणाकडं आहे, आणि ती शेवटची कधी तपासली? मीटिंगमध्ये सगळे एकमेकांकडं बघायला लागले, तर साइट चोरामुळं नव्हे, रखवालदारामुळंच पडेल हे धरून चाला. आणि तसं झालं की ज्यांना काढलंत त्यांना रात्री फोन करू नका. सल्ल्याचं बिल आता ताशी लागेल.