वकिलाविरुद्धची तक्रार: तपास करायचा कोणी?

मद्रासमधल्या एका वृद्ध जोडप्याकडे दोन वचनचिठ्ठ्या होत्या, एक १५ हजार रुपयांची आणि दुसरी ५ हजारांची. नवऱ्याला ऐकू येत नव्हते. वसुलीचे दावे लावावेत म्हणून त्यांनी त्या चिठ्ठ्या एका वकिलाच्या हाती दिल्या. दावे दाखल झाले आहेत, असे तो सांगत राहिला. प्रत्यक्षात दावे कधी लागलेच नव्हते. राज्याच्या बार कौन्सिलने त्याची सनद सहा वर्षांसाठी निलंबित केली, भारतीय बार कौन्सिलने अपिलात ती मुदत एका वर्षावर आणली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा दोष कायम ठेवला आणि निलंबनाचा उरलेला काळ गरिबांना मोफत कायदेशीर मदत देण्यात घालवायला लावला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा हा निकाल ‘रंगदुराई खटला’ म्हणून विधी महाविद्यालयांत आजही शिकवला जातो.

शिक्षा किती असावी, यावर त्या वर्गांत बरीच चर्चा होते. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. वकिलाने फसवले, हे सिद्ध करण्याचे काम कोणी करायचे? ज्याला कोर्टाची भाषा येत नाही म्हणून तो वकिलाकडे गेला, त्याच माणसाने का?

गैरवर्तन कशाला म्हणायचे?

वकिलांविरुद्धच्या तक्रारी जगात सगळीकडे साधारण सारख्याच असतात. फी घेतली पण काम केले नाही. तारखेला कोणी उभेच राहिले नाही आणि दावा निकाली निघाला. फोन उचलत नाहीत. दुसरा वकील करायचा तर फाइल परत देत नाहीत. आधी आमचे वकीलपत्र घेतले, आता समोरच्याकडून उभे राहिले. आणि सगळ्यांत गंभीर म्हणजे, कोर्टातून मिळालेले पैसे आमच्यापर्यंत पोहोचलेच नाहीत.

यातली प्रत्येक तक्रार गैरवर्तनात बसत नाही. खटला हरणे हा वकिलाचा गुन्हा नाही. केवळ निष्काळजीपणा, ज्यात अप्रामाणिकपणा नाही, तो व्यावसायिक गैरवर्तन ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ सालीच सांगितले आहे. उलट, ‘फी थकली आहे, ती दिल्याशिवाय फाइल मिळणार नाही’ असे म्हणणे अनेकांना रीतसर वाटते, पण ते गैरवर्तन आहे. थकलेल्या फीसाठी वकिलाला अशिलाचे कागद अडवून धरता येत नाहीत, हे २००० सालच्या आर. डी. सक्सेना खटल्यात स्पष्ट झाले. खटल्याच्या निकालावर ठरणारी फी किंवा मिळालेल्या रकमेत टक्केवारी ठरवणेही भारतीय बार कौन्सिलच्या नियमांना मान्य नाही.

म्हणजे तक्रार हातात आली की पहिला प्रश्न हा असतो: सांगितलेले सगळे खरे धरले, तरी यात नियमभंग आहे का? या प्रश्नाचे उत्तर द्यायला कायद्याची जाण लागते. त्यापुढच्या प्रत्येक पायरीवर तपासाचे कौशल्य लागते.

आपल्याकडची वाट

महाराष्ट्रात किंवा गोव्यात सनद घेतलेल्या वकिलाविरुद्ध तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे करायची असते. १९६१च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टचे कलम ३५ त्याचा आधार आहे. सही आणि सत्यापन केलेला अर्ज, सोबत कागदपत्रे आणि ठरलेली फी. गैरवर्तन झाले असे मानायला कारण आहे, अशी कौन्सिलची खात्री पटली की प्रकरण तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे जाते. त्यातले दोन कौन्सिलचे निवडून आलेले सदस्य असतात, तिसरा बाहेरचा अनुभवी वकील. तक्रार फेटाळणे, ताकीद देणे, सनद काही काळ निलंबित करणे किंवा पटावरून नाव काढून टाकणे, हे चार पर्याय समितीपुढे असतात. त्यावर ६० दिवसांत भारतीय बार कौन्सिलकडे आणि नंतर पुन्हा ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते.

कागदावर ही रचना भक्कम आहे. साक्षीदार बोलावणे, कागद हजर करायला लावणे, सरकारी दप्तरातली नोंद मागवणे असे दिवाणी न्यायालयाचे अधिकार कलम ४२ने समितीला दिले आहेत. पक्षकाराने तक्रार मागे घेतली किंवा तडजोड केली, तरी केवळ तेवढ्या कारणाने चौकशी बंद करता येत नाही, असाही नियम आहे. तो फार शहाणपणाचा आहे, कारण पैसे परत करून तोंड बंद करणाऱ्या वकिलाच्या हाती पुढचा अशील सोडता कामा नये.

उणीव आहे ती या दोन टोकांच्या मध्ये. कौन्सिल तक्रार घेते आणि समिती निवाडा करते, पण दरम्यान पुरावा गोळा करायला कोणी पगारी, स्वतंत्र तपासणारा वकील नसतो. प्रतिज्ञापत्र तक्रारदाराने करायचे, कागद त्यानेच मिळवायचे, उलटतपासणीला त्यानेच सामोरे जायचे आणि समोर उभा असतो आयुष्यभर उलटतपासणी घेत आलेला माणूस. वकिलाचे नाव डागाळेल असा हा आरोप असल्याने पुरावा संशयापलीकडचा लागतो, आणि शंका उरली तर तिचा फायदा वकिलाला मिळतो. न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मात्र इतका कडक पुरावा गावाकडच्या विधवेने एकटीने उभा करावा, ही अपेक्षा न्याय्य नाही.

दुसरी वाटही आता बंद आहे. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. त्यामुळे बार कौन्सिलच्या दाराचे महत्त्व आणखी वाढले आहे.

तपास म्हणजे नेमके काय?

एक उदाहरण घेऊ. अपघातात कमावता माणूस गेला. मोटार अपघात न्यायाधिकरणाने भरपाई मंजूर केली, विमा कंपनीने रक्कम भरली. बायकोला त्यातला थोडाच भाग मिळाला आणि ‘बाकी खर्चात गेले’ असे तिला सांगण्यात आले. तिच्याकडे ना पावती, ना हिशेब.

तपास करणारा वकील आधी कुणाचेच मत विचारत नाही. तो तारखांची साखळी लावतो. वकीलपत्र केव्हा झाले? रोजनाम्यात कोणत्या तारखेला काय नोंद आहे? निवाड्याची प्रमाणित प्रत काय सांगते? रक्कम कोणत्या दिवशी, कुणाच्या अर्जावरून, कोणत्या खात्यात गेली? मग वकिलाला लेखी विचारणा होते. अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवणे आणि रक्कम मिळताच त्याला कळवणे वकिलावर बंधनकारक आहे, तेव्हा तो हिशेब दाखवा. उत्तर आले की ते बँकेच्या नोंदींशी ताडून पाहिले जाते. खर्च झाला असेल तर तो कशावर, हे बिलांवरून दिसते. बाईची मुलाखत तिला कळेल अशा भाषेत, घाई न करता होते, आणि कागदावर तिचा अंगठा किंवा सही आहे तर काय समजावून ती घेतली, हेही विचारले जाते.

या तपासातून वकील निर्दोष निघू शकतो. रक्कम खरोखर सासरच्यांनी घेतली असेल, किंवा न्यायाधिकरणानेच तिचा मोठा भाग मुलांच्या नावे मुदत ठेवीत टाकला असेल. तेही कागदच सांगतात. प्रामाणिक वकिलाला या तपासाचा जितका आधार आहे, तितका दुसऱ्या कशाचा नाही.

कॅलिफोर्नियाचा धडा

अमेरिकेतल्या राज्यांत हे काम स्वतंत्र पगारी वकील करतात. १९७० साली माजी न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांच्या समितीने तिथल्या वकिलांच्या शिस्तव्यवस्थेची अवस्था लाजिरवाणी असल्याचे लिहिले आणि त्यानंतर ही यंत्रणा व्यावसायिक होत गेली. कॅलिफोर्नियात तपास आणि आरोप मांडणे हे ‘चीफ ट्रायल कौन्सेल’च्या कार्यालयाचे काम, आणि निवाड्यासाठी पूर्णवेळ न्यायाधीशांचे वेगळे स्टेट बार कोर्ट. तक्रारदार तिथे साक्षीदार असतो, आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी कार्यालयाची.

तरीही त्याच राज्यात टॉम जिरार्डी घडला. ‘एरिन ब्रोकोविच’ चित्रपटामुळे गाजलेल्या प्रदूषण खटल्यातला हा नामांकित वकील. २०१८ साली जावाच्या समुद्रात कोसळलेल्या लायन एअरच्या विमानातील मृतांच्या कुटुंबीयांचे भरपाईचे पैसे अडकल्याचे २०२०च्या अखेरीस शिकागोच्या न्यायालयात उघड झाले आणि त्याची इमारत ढासळली. २०२२ साली त्याची सनद गेली, २०२४ साली अशिलांना फसवल्याबद्दल तो दोषी ठरला, २०२५ साली त्याला सात वर्षांहून अधिक कैद झाली. चार दशकांत त्याच्याविरुद्ध २०५ तक्रारी आल्या होत्या, हे स्टेट बारने स्वतःच नंतर जाहीर केले. तिथल्या काही माणसांशी त्याने घनिष्ठ संबंध जोडले होते, हेही पुढच्या चौकशीत दिसले.

याचा अर्थ तपासणारे वकील नेमून उपयोग नाही, असा नव्हे. नुसती नेमणूक पुरत नाही, हा आहे. तपासणारा वकिलांच्या गोतावळ्यापासून दूर हवा. एकाच नावावर तक्रारी साठत असतील तर त्या एकत्र वाचल्या गेल्या पाहिजेत. या प्रकरणानंतर कॅलिफोर्नियाने अशिलांच्या पैशांची खाती दरवर्षी स्टेट बारकडे नोंदवणे वकिलांवर बंधनकारक केले. त्याआधीच, २०१८पासून, वकिलांच्या हिताची संघटना आणि नियामक या दोन संस्था तिथे वेगळ्या झाल्या होत्या. इंग्लंडनेही २००७ साली सॉलिसिटरांचे नियमन त्यांच्या संघटनेपासून वेगळे काढले. आपल्या कायद्यात मात्र गैरवर्तनाचा निवाडा आणि वकिलांच्या हक्क-हितांचे रक्षण, ही दोन्ही कामे कलम ६ने एकाच, वकिलांच्या मतांवर निवडून येणाऱ्या संस्थेकडे दिली आहेत. निवडून आलेले सदस्य सचोटीचे असले तरी ही रचनाच त्यांना अवघड जागी उभी करते.

वकिलाचीही बाजू

तक्रार हे शस्त्र म्हणूनही वापरले जाते. खटला हरलेला समोरचा पक्ष वकिलालाच धडा शिकवायला निघतो. सप्टेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलपुढची एका वकिलाविरुद्धची तक्रार रद्द केली. प्रकरण समितीकडे पाठवताना कौन्सिलने कारणे नोंदवली नव्हती, यावर न्यायालयाने बोट ठेवले आणि कौन्सिलला ५० हजार रुपयांचा खर्च भरायला सांगितले. प्राथमिक छाननीच नीट झाली नाही तर निर्दोष वकील वर्षानुवर्षे तारखा करतो आणि त्याच गर्दीत खरी तक्रार मागे पडते.

काय करता येईल?

बरेच काही आजच्या कायद्यातच शक्य आहे. तक्रार नसतानाही कौन्सिल स्वतःहून कारवाई करू शकते. मुंबईतल्या फौजदारी न्यायालयांच्या दारात अशील ओढण्यासाठी धावणाऱ्या वकिलांच्या प्रकरणात, म्हणजे दाभोळकर खटल्यात, महाराष्ट्राच्या कौन्सिलने स्वतः सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला होता. कौन्सिल ही वकिली व्यवसायाच्या शुद्धतेची आणि जनहिताची राखणदार आहे, म्हणून तिला अपिलाचा अधिकार आहे, असे १९७५ साली सात न्यायाधीशांच्या पीठाने मान्य केले. त्या लढ्याचा वारसा असलेल्या संस्थेला पगारी तपासणारे वकील नेमणे अवघड नसावे.

तक्रार वर्षभरात निकाली निघाली नाही तर कलम ३६-ब प्रमाणे ती भारतीय बार कौन्सिलकडे जाते. अशा साठलेल्या प्रकरणांवर बोलताना सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली, अनुभवी वकील आणि निवृत्त न्यायिक अधिकारी यांना चौकशी अधिकारी म्हणून नेमण्याची सूचना केली. तीच पद्धत राज्याच्या पातळीवर, तक्रार आल्याच्या पहिल्या महिन्यापासून हवी. सोबत दरवर्षी आकडे जाहीर व्हावेत: किती तक्रारी आल्या, किती छाननीत गेल्या, किती वकिलांवर कारवाई झाली.

तोवर अशिलाने स्वतःसाठी एवढे करावे. फीची पावती मागावी. वकीलपत्राची आणि दाव्याची प्रत जवळ ठेवावी. खटल्याचा क्रमांक घेऊन ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तारखा स्वतः पाहाव्यात. कोऱ्या कागदावर सही करू नये. हा अविश्वास नव्हे, चांगला वकील या मागण्या आनंदाने पुरवतो.

बहुसंख्य वकील प्रामाणिकपणे काम करतात, आणि म्हणूनच हा आग्रह. आपले घर, जमीन, मुलांचा ताबा, कधी स्वातंत्र्यही आपण एका सहीने वकिलाच्या हाती सोपवतो. तो विश्वास मोडला गेला तर त्याची शहानिशा करणे हे समाजाचे काम आहे. ते काम फसवल्या गेलेल्या माणसाच्या अंगावर टाकून देणारी व्यवस्था बदलायला हवी, आणि बदलाची मागणी वकिलांनीच सर्वांत आधी करायला हवी.