बशीतली चेतापेशी म्हातारी होत नाही

स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी या आजारावरील रिसडिप्लाम या औषधाच्या भारतीय जेनेरिकविरुद्ध रोश कंपनीने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये फेटाळली आणि सुमारे सहा लाखांच्या बाटलीला १५,९०० रुपयांचा पर्याय उभा राहिला; या किमतीची चर्चा भरपूर झाली, पण हे औषध मुळात कोणत्या पेशींत सापडले याकडे फारसे लक्ष गेले नाही, आणि खरी शिकवण तिथेच आहे.

स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी, अर्थात एसएमए, हा मेरुरज्जूतून स्नायूंना हालचालीचा आदेश पोहोचवणाऱ्या चालक चेतापेशींचा आजार होय. एसएमएन१ हे जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष आले तरच तो होतो, त्यामुळे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची प्रथा जिथे रूढ आहे, त्या मराठवाड्यातील समाजांत त्याचा धोका वाढतो. बहुतेकांकडे एसएमएन२ नावाची या जनुकाची जवळजवळ हुबेहूब प्रत असते, परंतु तिच्यावरून प्रथिन बनताना सातवा तुकडा बहुतेक वेळा गळतो आणि प्रथिन अपुरे राहते. तो तुकडा टिकवणारे रसायन संशोधकांनी प्रथम शोधले ते एचईके २९३ या पेशींत, आणि त्या मूळच्या गर्भाच्या मूत्रपिंडातून आलेल्या आहेत! प्रश्न इतका नेमका होता की उत्तरासाठी चेतापेशीचीही गरज पडली नाही.

एएलएस या चालक चेतापेशींच्याच, पण प्रौढांच्या आजाराबाबत असा नेमका प्रश्नच अजून हाती नाही. ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या घराण्यात तो आधी दिसलेला नसतो, म्हणजे बोट ठेवावे असे एक जनुक नसते. २००८मध्ये हार्वर्डच्या केव्हिन एगन यांच्या गटाने ८२ वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीच्या त्वचेच्या पेशींना मूलपेशींच्या अवस्थेत नेऊन त्यांपासून चालक चेतापेशी घडवल्या, तेव्हा आजारच बशीत उतरल्याचा उत्साह सर्वत्र पसरला. पण मूलपेशी बनवण्याची ही प्रक्रिया पेशीच्या वयाच्या खुणा पुसून टाकते, आणि त्यातून येणारी चेतापेशी गर्भातल्या पेशीसारखी असते. साठीच्या आसपास सुरू होणारा आजार काही आठवड्यांच्या पेशीत शोधायचा, ही या पद्धतीची सर्वांत खोल अडचण आहे. सुमारे ९७ टक्के रुग्णांच्या शवविच्छेदनात टीडीपी-४३ हे प्रथिन पेशीकेंद्रक सोडून बाहेर गोळे करून बसलेले आढळते, मात्र रुग्णांच्याच पेशींपासून केलेल्या संवर्धनात हे चित्र सहजी उमटत नाही. शिवाय पायापर्यंत जाणारा अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीचा लांब धागा, माणसात सुमारे एक मीटरचा असतो, तर बशीत तो मिलिमीटरांत मोजावा लागतो. पेशी कालांतराने एकमेकींना चिकटून गठ्ठे करतात आणि तळापासून सुटतात. आणि दोन रुग्णांच्या पेशींतला फरक आजाराचा की व्यक्तीचा, हे ठरवण्यासाठी त्याच पेशीतली जनुकीय चूक दुरुस्त करून जोडीची पेशी बनवावी लागते, जे अज्ञात कारणाच्या रुग्णात शक्यच होत नाही.

शेजाराचा प्रश्न तितकाच मोठा आहे. २००७मध्येच दिसून आले की आनुवंशिक एएलएसशी निगडित असलेले सदोष एसओडी१ जनुक असलेल्या ॲस्ट्रोसाइट, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी, निरोगी चालक चेतापेशींनाही मारतात, आणि एकट्या चेतापेशीच्या बशीत हा मारेकरी हजरच नसतो. पुण्याच्या आयसर संस्थेत गिरीश रत्नपारखी यांच्या प्रयोगशाळेने म्हणूनच फळमाशीत केलेले काम अधिक बोलके वाटते. एएलएसला कारण ठरणारा व्हीएपीबी या जनुकातील दोष २००४मध्ये ब्राझीलमधील कुटुंबांत ओळखला गेला होता. तोच दोष माशीत आणल्यावर या गटाला असे आढळले की आधारपेशींतील दाह आवरला तर हालचालीतील बिघाड लांबतो आणि माशी अधिक जगते. माशी माणूस नव्हे हे खरे, तरी तिच्यात स्नायू, आधारपेशी आणि म्हातारपण एकत्र असते.

मार्च २०२३मध्ये भारताच्या औषधचाचणी नियमांत झालेल्या दुरुस्तीने मानवी पेशींवरील चाचण्यांना प्राण्यांवरील प्रयोगांच्या जोडीने अधिकृत स्थान दिले. हे स्वागतार्ह आहे. परंतु बशीतल्या यशावर थेट रुग्णांकडे जाण्याची मुभा एसएमएसारख्या एका जनुकाच्या आजारात जितकी समर्थनीय आहे, तितकी एएलएसमध्ये नाही, आणि परवानगी देणाऱ्यांनी प्रत्येक अर्जात पेशींचे वय आणि सोबतच्या आधारपेशींचा तपशील मागितला पाहिजे.