पेटंट कुणासाठी?

सोराफेनिब हे यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचे औषध. पेटंटधारक बायर कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपये होता. भोकरच्या एखाद्या शेतमजुराने घरदार विकले असते तरी तो झेपला नसता. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी मुंबईत नॅटको कंपनीला देशातला पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना औषध बनवून विकण्याची मुभा, दिला. नॅटकोने तेच औषध महिन्याला ८,८८० रुपयांपेक्षा जास्त दराने विकू नये, अशी अट होती.

संशोधनाला मोबदला नको का, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच बायरचे पेटंट कायम राहिले आणि नॅटकोच्या विक्रीवर ६ टक्के स्वामित्वशुल्कही ठरले. पण समाज वीस वर्षांची मक्तेदारी देतो, ती औषध रुग्णापर्यंत पोचावे म्हणून. ते रास्त दरात मिळत नसेल, तर सक्तीच्या परवान्याची तरतूद असलेले पेटंट कायद्याचे कलम ८४ वापरणे हे सरकारचे कर्तव्यच आहे.