आधी यंत्राला विचारणारी लायब्ररी

शाळा-कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवसांत शहादा, तळोदा किंवा नंदुरबारच्या सेतू केंद्रावर जरा वेळ थांबलात, तर "फोटो केबीत बसत नाही" हे वाक्य कानावर पडतेच. 'आपले सरकार' पोर्टलला अर्जदाराचा फोटो 5 ते 20 केबीच्या आत आणि 160 पिक्सेल रुंदीचा लागतो. मोबाइलने काढलेला फोटो असतो तीन-चार एमबीचा. ऑपरेटर कुठलेसे ॲप उघडतो, 'क्वालिटी'ची पट्टी मागे ओढतो, चेहरा ओळखू येण्याइतका उरला की थांबतो आणि जातीच्या दाखल्याचा अर्ज पुढे सरकतो.

त्या पट्टीमागे बहुतेक वेळा एकाच घराण्याचा कोड असतो. त्याचे नाव लिबजेपेग: जेपेग प्रकारची चित्रे आवळणारी आणि उलगडणारी तयार कोडची लायब्ररी.

जेपेगच्या गणिताचे मूळ 1974 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या शोधनिबंधात आहे. बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद, त्यांचे सहकारी टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी त्यात 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' मांडला. चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करायचे, प्रत्येक चौकोनातले ठळक चढउतार आणि बारीक चढउतार वेगळे काढायचे आणि डोळ्यांना फारसे न जाणवणारे बारीक तेवढे ढोबळ करून टाकायचे, अशी त्यावर उभी असलेली जेपेगची युक्ती. या गणितावर भरपूर लिहिले गेले आहे. मला त्याहून नवल वाटते ते या लायब्ररीच्या एका कंटाळवाण्या बाजूचे. ती कुठल्याही संगणकावर आणि कुठल्याही कंपायलरवर उभी कशी राहते?

टॉम लेन आणि त्यांच्या 'इंडिपेंडंट जेपेग ग्रुप'ने पहिली आवृत्ती ऑक्टोबर 1991 मध्ये खुली केली, म्हणजे जेपेगचे प्रमाण अधिकृतपणे मंजूर होण्याच्याही आधी. कोड फुकट होता. तुमच्या उत्पादनात वापरलात तर या गटाच्या कामाचा आधार घेतल्याचे कागदपत्रांत नमूद करा, ही मुख्य अट होती. त्या काळी एका टेबलावर डॉसचा पीसी, दुसऱ्यावर मॅकिंटॉश, तिसऱ्यावर अमिगा किंवा अटारी आणि विद्यापीठात व्हीएमएस नाहीतर युनिक्स असे. प्रत्येकाचा सी कंपायलर वेगळा आणि प्रत्येकाचे हट्ट वेगळे. म्हणून संचात बोरलँडसाठी, मायक्रोसॉफ्टसाठी, वॉटकॉमसाठी, अमिगाच्या दोन कंपायलरांसाठी अशा मेकफाइलींची, म्हणजे बांधणीच्या सूचनांच्या फाइलींची, रांगच लावलेली असे. युनिक्सवाल्यांसाठी 'कॉन्फिगर' नावाची स्क्रिप्ट होती. ती स्वतःच तपासणी करून उत्तरे भरून घेई.

ही उत्तरे जात 'जेकॉन्फिग.एच' या एका लहानशा फाइलीत. तिच्यातले प्रश्न बाळबोध वाटतात. या यंत्रावरचा 'कॅर', म्हणजे सी भाषेतला एका बाइटचा प्रकार, ऋण आकडे धरतो का? ऋण संख्या उजवीकडे सरकवली की तिचे चिन्ह टिकते का? लिंकरला लांब नावे झेपतात का?

पहिलाच प्रश्न घ्या. चित्रातल्या एका ठिपक्याची उजळपणाची किंमत 200 आहे. एका बाइटमध्ये ती सहज मावते. पण कंपायलर 'कॅर'ला चिन्हासकट वाचत असेल, तर त्याला तिथे उणे 56 दिसतात आणि उजळ भाग भलताच होऊन बसतो. इंटेलच्या पीसीवर 'कॅर' सहसा चिन्हासकट असतो, तर मोबाइलमधल्या एआरएम चिपवरच्या लिनक्समध्ये बिनचिन्हाचा. सी भाषेच्या नियमांत दोन्ही बसते, कारण तो निर्णय नियमांनी कंपायलरवर सोपवला आहे. लिबजेपेग अशा जागी अंदाज बांधत नाही. 'अनसाइन्ड कॅर' मिळत असेल तर ती तोच घेते. नसेल तर प्रत्येक ठिपका वाचताना वरचे बिट छाटून टाकते.

सगळ्यात लोभस फाइल म्हणजे 'सीकेकॉन्फिग.सी'. तुमचे यंत्र कोणत्याच यादीत नसेल तर ती कंपाइल करून पाहायची. अडली, तर अडली तिथल्या टिपणीत लिहिलेला बदल करायचा आणि पुन्हा कंपाइल करायची. त्यात एक सूचना अशी आहे की कंपायलरने चुकांची लांबलचक यादी दिली तरी फक्त पहिली चूक पाहा, कारण एकदा गोंधळलेला कंपायलर पुढे उगाच तक्रारी करत सुटतो. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्या आठवड्यात एवढे सांगितले, तरी त्याचे कितीतरी तास वाचतील. सगळे सुरळीत झाले की ही फाइल चालवायची, आणि ती त्या यंत्रापुरती 'जेकॉन्फिग.एच' लिहून हातात देते.

मेमरीचा प्रश्न यापेक्षा अवघड होता. डॉसमध्ये 640 केबीची मर्यादा, त्यात 64 केबीचे तुकडे. साधे जेपेग चित्र ओळींच्या पट्ट्या करत उलगडता येते, त्यामुळे थोड्या जागेत भागते. प्रोग्रेसिव्ह प्रकाराचे चित्र मात्र पूर्ण हाताशी धरावे लागते. म्हणून मेमरी सांभाळणाऱ्या भागाचे पर्याय केले. एकात सगळे मेमरीतच, दुसऱ्यात जास्तीचा भाग तात्पुरत्या फाइलीत, डॉससाठी वेगळा, मॅकसाठी वेगळा. उरलेल्या कोडला यातले काहीही कळत नाही. माझ्या मते या लायब्ररीतले सर्वात शहाणपणाचे काम हेच.

27 मार्च 1998 ला 6बी ही आवृत्ती आली आणि पुढची दहा-अकरा वर्षे जग तिच्यावरच चालले. 2009 पासून मूळ गटाने सातवी, मग आठवी आवृत्ती काढली. त्यांत आतल्या रचनांचे आकार बदलले, आणि एका आवृत्तीसाठी बांधलेला प्रोग्राम दुसरीपुढे उभा केला की "लायब्ररी 62, मागणारा 80" अशा अर्थाची चूक दाखवून थांबू लागला. विंडोजवर आणखी मजा होती. लिबजेपेगच्या लेखी 'बूलियन' म्हणजे पूर्ण इंट, विंडोजच्या लेखी एकच बाइट. दोघांचे हिशेब जुळेनात. हो की नाही एवढेच साठवायचे, त्यावरून हा वाद!

2010 मध्ये लिबजेपेग-टर्बो वेगळी निघाली. आठ-आठ, सोळा-सोळा ठिपक्यांवर एकदम काम करणाऱ्या प्रोसेसरच्या खास सूचना तिने वापरल्या, बाहेरून मात्र 6बीचाच चेहरा ठेवला. हवा असेल तर सातवीचा किंवा आठवीचाही लावता येतो. 2018 पासून तिची बांधणी सीमेक या साधनावर होते. चाचणीत एक गंमत आहे. पूर्णांकांच्या पद्धतीने उलगडलेले चित्र सगळीकडे बाइट-बाइट सारखे यावे लागते. दशांशाच्या पद्धतीत मात्र गुणाकार आणि बेरीज एका दमात करणारा प्रोसेसर आणि दोन दमांत करणारा प्रोसेसर यांची उत्तरे शेवटच्या अंकात वेगळी येऊ शकतात. म्हणून या यंत्रावर कोणते उत्तर बरोबर धरायचे, हेही बांधणीच्या वेळी सांगता येते.

आता पुन्हा नंदुरबार जिल्ह्याकडे. 29 सप्टेंबर 2010 ला देशातले पहिले आधार क्रमांक शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिले गेले. आधारच्या क्यूआर कोडमधला इवलासा फोटो जेपेग 2000 या निराळ्या पद्धतीचा असतो, त्यामुळे त्याचे श्रेय लिबजेपेगला देता येत नाही. पण त्यानंतर जिल्ह्यातले सरकारी काम चित्रांवर चालू लागले. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी 1 जानेवारी 2023 पासून जवळपास सर्व कामांवर मोबाइलच्या ॲपमध्ये घेणे बंधनकारक झाले, दिवसातून दोन फोटोंसह. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांत रेंज शोधत टेकडी चढावी लागते. तिथे फोटो 200 केबीचा की 2 एमबीचा, यावर मस्टर भरणार की नाही हे ठरू शकते. अँड्रॉइडमध्ये ॲपने फोटो आवळायला सांगितले की ते काम आज सहसा लिबजेपेग-टर्बोकडे जाते. जे ॲप स्वतःची लायब्ररी सोबत आणते, त्याच्या बांधणीत मात्र निवड करावी लागते: एआरएम 32 बिट, 64 बिट, की दोन्ही?

इथेच सगळे बिनसते. पुण्या-मुंबईत बसून ॲप बांधणाऱ्याच्या खिशातला फोन 64 बिटचा असतो आणि ॲपही त्याच फोनवर तपासले जाते. गूगलने 1 ऑगस्ट 2019 पासून प्ले स्टोअरवर 64 बिट बांधणी सक्तीची केली, तेव्हापासून 32 बिटची बांधणी जुनाट समजून वगळण्याचा मोह वाढला. प्रत्यक्षात दीड-दोन जीबी रॅमचे कितीतरी स्वस्त फोन 32 बिट अँड्रॉइडवरच चालतात, आणि असे फोन हाताळणारी माणसे धडगाव-अक्कलकुव्यासारख्या तालुक्यांतच जास्त. गूगलची सक्ती 64 बिट जोडण्याची होती, 32 बिट काढून टाकण्याची कधीच नव्हती. ग्रामरोजगार सेवक, अंगणवाडी सेविका, आशाताई यांच्यासाठी ॲप बांधणाऱ्यांनी ती बांधणी ठेवावी आणि सोडण्यापूर्वी एकदा तरी तसल्या फोनवर चालवून पाहावी. टर्बोमध्ये त्यासाठी लागणारा कोड आजही आहे, नुसती टूलचेन, म्हणजे कंपायलर आणि सोबतची साधने, बदलून पुन्हा बांधायचे आहे.