रात्रीची लाईट

रब्बीच्या दिवसांत लातूर-नांदेडकडं दोन शेतकरी भेटले की पहिला प्रश्न लाईटचा असतो. "तुमच्याकडं लाईट कवाची हाय?" शेतीपंपांना तीन फेजची वीज पाळीनं मिळते, आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस अंधारात निघतो. एका हातात बॅटरी, खांद्यावर खोरं, पायात बहुतेक वेळा नुसती चप्पल. मोटार चालू करायची आणि पहाटेपर्यंत दारं धरायची.

आमच्या भागात रानातल्या जनावराशी माणसाची खरी गाठ पडते ती अशा रात्री. लातूर जिल्ह्यात जंगल म्हणावं असं क्षेत्र एक टक्कासुद्धा नाही. नांदेडकडं किनवट-माहूरचं सागाचं रान आहे, पण तेही जिल्ह्याच्या एका टोकाला. तरीही रोही, रानडुक्कर, कोल्हा, साळिंदर, घोणस ही नावं इथं घराघरात माहीत असतात. या जनावरांना जंगलच लागतं असं नाही. गायरानातली झुडपं, मांजरा-तेरणाच्या काठची वेडी बाभळ, उसाचा फड, ओढ्याची कपार एवढ्यावर त्यांचं भागतं. दिवसभर ती आपल्यापासून दोन-तीनशे पावलांवर बसलेली असतात आणि आपल्याला पत्ता नसतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांनी २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास मांडला होता. सहा खंडांतल्या ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांवरची ७६ संशोधनं त्यांनी एकत्र तपासली. माणसाचा वावर वाढला की जनावरं अधिकाधिक निशाचर होतात, असं त्यात दिसलं. जे जनावर आपली हालचाल दिवसा निम्मी आणि रात्री निम्मी करत असे, ते माणसाजवळ राहू लागलं की ६८ टक्के हालचाल रात्री करू लागतं. शिकार, शेती, गिर्यारोहण, नुसतं फिरणं, कारण कोणतंही असो, परिणाम तोच. जागा वाटून घेणं शक्य नव्हतं तिथं जनावरांनी वेळ वाटून घेतली. दिवस तुमचा, रात्र आमची.

हा अभ्यास वाचल्यापासून मला एकच गोष्ट टोचत राहिली आहे. जनावरांना आपण रात्रीत ढकललं, आणि मग विजेच्या वेळापत्रकानं शेतकऱ्यालाही त्याच रात्रीत नेऊन उभं केलं.

वेळेची ही वाटणी पाळली जाते तेव्हा काय होतं, ते एका वाघानं दाखवलंय. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण नर वाघाच्या गळ्यात २०१९ च्या फेब्रुवारीत जीपीएस पट्टा बांधला गेला. जूनअखेरीस तो स्वतःचं रान शोधायला निघाला. आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला करत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. नऊ महिन्यांत त्याची चाल तीन हजार किलोमीटरच्या वर गेली. वाटेत कापूस होता, सोयाबीन होतं, महामार्ग होते, गावं होती. पट्ट्यानं नोंदवलेले पाच हजारांवर ठिकाणांचे ठिपके नकाशावर पाहिले तर तो जणू लोकांच्या अंगणातून गेल्यासारखा वाटतो. पण तो चालायचा रात्री, दिवसा झुडपात पडून राहायचा. एवढ्या प्रवासात माणसाला इजा झाल्याची एकच घटना नोंदली गेली, हिंगोलीत. आणि तीही काही लोक तो पडून होता त्या झुडपात शिरले म्हणून.

वाघ विरळा. रोही मात्र रोजचा. रोही म्हणजे नीलगाय, आणि नीलगाय म्हणजे हरीण नव्हे. तिचं कूळ गाय-म्हशीच्या जवळचं, आणि सख्खा म्हणावा असा नातेवाईक एकच उरलाय, चौशिंगा. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोच्या पुढं भरतो. लातूर-नांदेड रस्त्यानं रात्री जाताना दूरवर दोन हिरवट ठिपके लुकलुकतात, ते याचे डोळे. रात्री वावरणाऱ्या जनावरांच्या डोळ्यांत पडद्यामागं आरशासारखा एक थर असतो. अंधूक प्रकाशाचा जो कण पहिल्या फेरीत हुकला, तो हा थर परत पाठवतो, म्हणजे डोळ्याला तो दुसऱ्यांदा टिपता येतो. चांदण्याच्या उजेडात चरण्यासाठी ही सोय उत्तम, पण गाडीच्या दिव्यासमोर तीच घात करते. बाहुल्या विस्फारलेल्या असतात, झोत थेट आत जातो आणि काही क्षण जनावराला काहीच दिसत नाही. ते जागीच थिजतं. आपण म्हणतो, 'मुद्दाम आडवा उभा राहिला.' ते आंधळं झालेलं असतं. त्याचे पाय लांब, म्हणून धडक पायांना बसते आणि सगळं धूड काचेवर येतं. अप्पर बंद करून डिप्परवर यावं, वेग मोडावा, आणि एक रोही पार झाला म्हणून लगेच पाय दाबू नये. मागं कळप असतो.

शेतात गणित वेगळं आहे. तिथं सगळ्यात मोठा धोका दोनशे किलोच्या जनावराचा नाही, हातभर लांबीच्या सापाचा आहे. पाणी वाफ्यात शिरलं की उंदरांच्या बिळात जातं, उंदीर बाहेर पडतात, बेडूक ओल्यावर येतात, आणि त्यांच्यामागं साप. बांधालगतच्या गवतात घोणस, तिला कुठं परड म्हणतात, वेटोळं घालून बसते. तिची शिकारीची रीतच अशी, की हलायचं नाही. आपल्या पावलांची धमक जमिनीतून तिला कळते, तरी ती जागा सोडून पळेल याची खात्री नाही. आणि दारं धरणारा माणूस वाकून, हातानं माती ओढत असतो.

मण्यारीची तऱ्हा याहून फसवी. ती पुरती निशाचर. उंदराच्या, दुसऱ्या सापाच्या मागावर शेतातल्या खोपीत, आखाड्यात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात सापडते. तिचा दंश अनेकदा दुखत नाही, सुजत नाही, माणूस जागासुद्धा होत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. घरचे म्हणतात पित्त झालं, आणि तेवढ्यात श्वासाच्या स्नायूंपर्यंत विष पोहोचतं. म्हणून आखाड्यावर बाज आणि मच्छरदाणी या गोष्टींना मी औषधाइतकं मोल देतो.

घोणशीचं विष रक्तावर चालतं. दवाखान्यात त्याची परीक्षा अगदी साधी असते: थोडं रक्त काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी आडवी करायची. रक्त गोठलं नसेल, वाहिलं, तर विष अंगात भिनलंय. यावर उतारा एकच, प्रतिविष. घोड्यांना नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष अगदी थोडं थोडं टोचून त्यांच्या रक्तापासून ते बनवतात, त्यामुळं कोणता साप चावला हे ओळखायला त्याला मारून सोबत नेण्याची गरज नसते. करकचून दोरी बांधणं, ब्लेड मारणं, देवळात नेणं यात जातो तो वेळ आणि जीव. हात किंवा पाय फळी लावून स्थिर ठेवायचा, रोग्याला चालवायचं नाही, आणि थेट प्रतिविष असलेलं सरकारी रुग्णालय गाठायचं.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा संशोधकांचा हिशेब २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली. वाघ-बिबट्याच्या बातमीला पहिलं पान मिळतं. ही माणसं आतल्या पानावर चार ओळींत संपतात, याचा मला राग येतो.

रानडुकराची नजर अधू, नाक तल्लख. वाऱ्याची दिशा उलटी असेल तर त्याला आपण कळत नाही, आणि अंगावर गेल्यासारखी गाठ पडते. सोबत पिलं असली की मादी सरळ धडकते. म्हणून जुनी माणसं रानात खाकरत, मोठ्यानं बोलत जायची. भीती घालवायला बोलतात, असं लहानपणी वाटायचं. ती आपण आल्याची वर्दी असते.

काळवीट मात्र अजून दिवसाचंच आहे. मोकळं माळ, लांबची नजर आणि पळ, यावरच त्याचा जीव तगतो, अंधारात ते काय कामाचं? पण कापणीच्या वेळी सोयाबीनमध्ये एकटं पाडस सापडलं की लोक 'आई सोडून गेली' म्हणत घरी आणतात. तिनं सोडलेलं नसतं. पहिले काही दिवस ती पिलाला दडवून लांब चरते, कारण जवळ राहिली तर लांडगा-कुत्र्याला जागा कळते. दूध पाजायला ती येते. तेवढा तुकडा कापायचा ठेवून माणसं बाजूला झाली तर उद्या पाडस तिथं नसतं, कळपात असतं.

राज्यात २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना आहे. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची, असा तिचा हेतू. तिची चर्चा युनिट आणि अनुदानाच्या भाषेत होते. मला ती सर्पदंशाच्या आकड्यांजवळ ठेवून वाचावीशी वाटते. जिथं दिवसाची लाईट पोहोचली, तिथं माणूस पाचला मोटार बंद करतो, खोरं धुतो, दिवेलागणीला घरी येतो. मागं रानात हरभरा ओला असतो, उंदीर बाहेर येतात, ओढ्याकडून पहिली कोल्हेकुई उठते. आखाड्यात कुणी नसतं.